भौतिकशास्त्राचा अभ्यास कोठें अडतो?

दहावीचे पेढे वाटून वर्ष झालेलें नसतें, तोंच अकरावीच्या पहिल्या सहामाहीचा निकाल हातीं येतो आणि घरांत एक निराळीच शांतता पसरते. ज्या मुलानें शाळेंत विज्ञान विषयांत नव्वदांच्या वर गुण मिळविले, तोच आतां भौतिकशास्त्रांत उत्तीर्ण होण्याच्या रेषेशीं घुटमळत असतो. त्यानें अभ्यास केला नाहीं असें म्हणावें, तर रात्रीं बारा वाजेपर्यंत त्याच्या टेबलावरचा दिवा जळत असलेला सर्वांनीं पाहिलेला असतो. वडील शिकवणीचा वर्ग बदलावा कीं काय या विचारांत पडतात. आई त्याच्या वहीचीं पानें उलटून पाहते, तों तीं सुवाच्य अक्षरांनीं भरलेलीं असतात. भेटीस आलेली एखादी वडीलधारी व्यक्ति 'हा विषय प्रत्येकाला साधतोच असें नाहीं' असें समजुतीचें बोलून जाते. आंतल्या खोलींत बसलेला मुलगा हें सारें ऐकतो आणि मनाशीं एक निकाल लावून टाकतो : आपल्याला डोकें नाहीं. मुलगी असल्यास हाच निकाल तिच्या वतीनें दुसरे लोक अधिक लवकर लावतात.

महाविद्यालयानें लावलेला निकाल पुढील सहामाहींत फिरवितां येतो. हा दुसरा निकाल मात्र सहसा फिरत नाहीं. मूल विषय सोडतें, शाखा बदलतें आणि जन्मभर 'आमचा फिजिक्सशीं कधीं मेळ बसला नाहीं' असें हंसत हंसत सांगत राहतें. शाखा बदलण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. परंतु ती आवडीनें बदलावी, चुकीच्या निदानामुळें बदलूं नये. आणि बहुसंख्य मुलांच्या बाबतींत हें निदान चुकीचेंच असतें. अडचण बुद्धीची नसते, अभ्यासाच्या रीतीची असते.

इतर पुष्कळ विषयांत वाचावें, समजून घ्यावें, लक्षांत ठेवावें आणि विचारल्यावर सांगावें, असा अभ्यासाचा क्रम चालूं शकतो. शालेय वर्गांत विज्ञानाचेंहि याच क्रमानें निभावतें. कारण तेथें व्याख्या, नियम आणि सूत्र विचारलें जातें. अकरावीपासून प्रश्नाचें रूप पालटतें. पुस्तकांत काय लिहिलें आहे हें परीक्षक आतां विचारीत नाहीं. एखाद्या नव्या परिस्थितींत काय घडेल, हें तो विचारतो. या प्रश्नाचें उत्तर पाठांतरांत सांपडत नाहीं. तें विचार करून काढावें लागतें, आणि तो विचार करण्याची संवय एकट्या वाचनानें लागत नाहीं.

याहूनहि खोल असें एक कारण आहे. भौतिकशास्त्र शिकावयास येणारें मूल कोरी पाटी घेऊन येत नाहीं. पंधरा-सोळा वर्षें त्यानें चेंडू फेकलेले असतात, सायकल चालविलेली असते, बसमध्यें धक्के खाल्लेले असतात. आणि या सर्व अनुभवांतून गतीविषयींचें एक शास्त्र त्यानें नकळत स्वतःच रचलेलें असतें. तें शास्त्र व्यवहारापुरतें चालतें, पण बऱ्याच ठिकाणीं तें चुकीचें असतें.

याची परीक्षा घरींच घेतां येईल. एक चेंडू सरळ वर फेकला. हातांतून सुटल्यानंतर तो वर जात असतांना त्याच्यावर कोणकोणतीं बलें कार्य करीत असतात? हवेचा विरोध हिशेबांत धरूं नये. बहुतेक मुलें, आणि बहुतेक मोठीं माणसेंहि, उत्तर देतात कीं दोन : एक हातानें दिलेलें वरच्या दिशेचें बल आणि दुसरें पृथ्वीचें गुरुत्वाकर्षण. खरें उत्तर एकच आहे : गुरुत्वाकर्षण. हाताचा संबंध चेंडू सुटतांच संपला. चेंडूजवळ उरला तो वेग, बल नव्हे. आतां दुसरा प्रश्न. चेंडू अगदीं वरच्या टोंकाला पोंचतो त्या क्षणीं त्याचें त्वरण किती? वेग शून्य असल्यामुळें त्वरणहि शून्य, असें उत्तर सहज तोंडांतून निघतें. परंतु तेथें वेग आणि त्वरण दोन्ही शून्य असतीं, तर चेंडू तसाच अधांतरीं लटकून राहिला असता. तो खालीं येतो, याचाच अर्थ त्या क्षणींहि त्याचें त्वरण दर सेकंदास सेकंदाला ९.८ मीटर, खालच्या दिशेनें, असेंच आहे.

जो विद्यार्थी येथें चुकतो त्यानें खंत करण्याचें कारण नाहीं. गति टिकवावयाची असेल तर कांहीं तरी सतत ढकलीत राहिलें पाहिजे, असें ॲरिस्टॉटलनें मानलें होतें. चौदाव्या शतकांत पॅरिसच्या ज्याँ बुरिदाननें सांगितलें कीं फेकलेल्या वस्तूंत फेकणारा एक प्रकारचा जोर भरून ठेवतो. आजचा विद्यार्थी चेंडूविषयीं बोलतो तें जवळ जवळ हेंच. गॅलिलिओनें ही कल्पना मोडीत काढण्यास आरंभ केला आणि न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ १६८७ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां कुठें नवा विचार स्थिर झाला. ज्या गोष्टीला जगांतील उत्तम बुद्धीच्या माणसांस सुमारें दोन हजार वर्षें लागलीं, ती एका सहामाहींत अंगवळणीं पडली नाहीं, म्हणून कोणास मंदबुद्धि ठरविणें न्यायाचें नाहीं. हातगाडी ढकलणें थांबविलें कीं ती थांबते हें सर्वजण पाहतात. तिला थांबविणारें घर्षण मात्र कोणाला दिसत नाहीं.

ही जुनी समजूत किती चिवट असते, याचा शोध अमेरिकेंत पद्धतशीर घेतला गेला. ॲरिझोना येथील विद्यापीठांतील इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनेस यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाचा अभ्यासक्रम पुरा केल्यावरहि पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांतील गतीविषयींच्या मूळच्या समजुती फारशा हलत नाहींत. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझुर यांना हें आपल्या विद्यार्थ्यांविषयीं खरें वाटेना. त्यांनीं तसलेच साधे प्रश्न आपल्या वर्गास घातले. तेव्हां एका विद्यार्थिनीनें विचारलें कीं, उत्तरें तुम्हीं शिकविल्याप्रमाणें लिहावीं कीं मी नेहमीं विचार करतें त्याप्रमाणें? या एका प्रश्नांत सगळा रोग उघडा पडतो. शिकविलेलें शास्त्र वहींत राहतें आणि घरचें शास्त्र डोक्यांत. दोघांची गांठच पडत नाहीं.

ही गांठ पाडून दिली म्हणजे काय होतें, याचाहि हिशेब झालेला आहे. रिचर्ड हेक यांनीं १९९८ सालीं ६२ अभ्यासक्रमांतील सुमारें साडेसहा हजार विद्यार्थ्यांच्या आरंभींच्या व अखेरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. जेथें विद्यार्थी केवळ व्याख्यानें ऐकत होते, तेथें जें आरंभीं येत नव्हतें त्यापैकीं सरासरीनें शेंकडा २३ इतकेंच त्यांनीं मिळविलें; जेथें त्यांना स्वतः अंदाज करावयास, एकमेकांशीं वाद घालावयास आणि तपासून पाहावयास लावलें, तेथें हेंच प्रमाण शेंकडा ४८ होतें. विषय तोच, विद्यार्थी साधारण त्याच तयारीचे. रीत बदलली आणि मिळकत दुप्पट झाली.

यांतून अभ्यासाचा पहिला आणि मुख्य नियम निघतो : आधीं स्वतःचें मत कागदावर मांडावें, मग तें तपासावें. धडा वाचण्यापूर्वीं, प्रयोग करण्यापूर्वीं, उदाहरण सोडविण्यापूर्वीं 'येथें काय होईल असें मला वाटतें' तें एका ओळींत लिहावें. लिहिलेलें चुकलें तर उत्तम. कारण चूक उघड्यावर आली म्हणजेच ती दुरुस्त होऊं शकते. न लिहितां जो वाचीत जातो, त्याला प्रत्येक वाक्य पटत जातें आणि आपणांस हें आधींपासून ठाऊक होतें असा भास होतो.

एक मीटर लांबीचा दोरा, त्याच्या टोंकाला बांधलेलें एक लहान कुलूप आणि मोबाइलमधील सेकंद मोजणारें घड्याळ, एवढ्या साहित्यावर हा नियम आजच पाळून पाहतां येईल. दोरा खिडकीच्या गजाला बांधावा. लांबी गजापासून कुलुपाच्या मध्यापर्यंत धरावी. झोका लहान द्यावा. आतां अंदाज लिहावेत : कुलूप दुप्पट जड घेतलें तर लंबक लवकर हेलकावेल कीं उशिरां? दोरा एक चतुर्थांश, म्हणजे २५ सेंटिमीटर, केला तर वेळ चौथा हिस्सा होईल काय? मग मोजावें. वीस आंदोलनांस चाळीस सेकंदांच्या जवळपास वेळ लागतो, म्हणजे एकाला दोन सेकंद. कुलूप बदलल्यानें या वेळेंत फरक पडत नाहीं, आणि दोरा चतुर्थांश केल्यावर वेळ चतुर्थांश न होतां निम्मी होते. ज्यानें आधीं चुकीचा अंदाज लिहिला असेल, तो लांबीच्या वर्गमूळाचा संबंध पुन्हां विसरणार नाहीं. त्याच मापांवरून पृथ्वीचें गुरुत्वत्वरणहि काढतां येतें : पायच्या वर्गाची चौपट सुमारें ३९.५, तिला लांबीनें गुणावें व एका आंदोलनाच्या वेळेच्या वर्गानें, म्हणजे चारानें, भागावें. उत्तर ९.९ च्या आसपास, पुस्तकांतील ९.८ च्या अगदीं शेजारीं येतें. पृथ्वीचें एक माप घरच्या खिडकींत हातीं लागतें, हा आनंद पाठ केलेल्या सूत्रांत मिळत नाहीं.

दुसरी अडचण शब्दांची आहे. अकरावीपासून विज्ञानशाखेचें शिक्षण बहुतेक ठिकाणीं इंग्रजींतून होतें, आणि मराठी माध्यमांतून आलेल्या मुलास विषय आणि भाषा या दोन्ही आघाड्यांवर एकदम लढावें लागतें. त्यानें एक लहान वही दुभाषी शब्दांसाठीं ठेवावी आणि प्रत्येक नवी कल्पना प्रथम मराठींत, आपल्या शब्दांत, बोलून पाहावी. परंतु भाषेचा खरा सांपळा याहून निराळा आहे. शास्त्रानें आपले शब्द रोजच्या व्यवहारांतूनच उचललेले आहेत आणि त्यांचे अर्थ मात्र बदलले आहेत. किराणा दुकानांत साखरेचें 'वजन' एक किलो असतें. शास्त्राच्या भाषेंत तें साखरेचें वस्तुमान झालें, तिचें वजन सुमारें ९.८ न्यूटन. तीच पिशवी चंद्रावर नेली तर वस्तुमान तितकेंच राहील, वजन एक षष्ठांशावर येईल.

'काम' या शब्दाचेंहि तसेंच. स्टेशनवरील हमाल २० किलोची पेटी दीड मीटर उचलून डोक्यावर घेतो, तेव्हां तो शास्त्रीय अर्थानें सुमारें २९४ ज्यूल कार्य करतो. तीच पेटी घेऊन तो सपाट फलाटावर एकसारख्या चालीनें शंभर मीटर जातो, तेव्हां पेटीला वर धरणाऱ्या बलाचें कार्य शून्य; कारण बल उभें आणि विस्थापन आडवें. हमाल घामाघूम होतो, मजुरी त्याच्या हक्काचीच असते. त्याचे स्नायु ताणून राहण्यासाठीं शरीरांतील ऊर्जा जळते आणि तिची उष्णता होते. पण पेटीला त्यांतून ऊर्जा मिळत नाहीं. हा भेद ज्याच्या ध्यानांत येत नाहीं, त्याला शास्त्र खोटें वाटतें. आणि खोटी वाटणारी गोष्ट माणूस केवळ परीक्षेपुरती पाठ करतो.

पाठ केलेल्या व्याख्येचा उपयोग किती, याचा एक प्रसिद्ध अनुभव रिचर्ड फाइनमन यांनीं नमूद केला आहे. १९५१-५२ च्या सुमारास ते ब्राझीलमध्यें रिओ द जानेरो येथें शिकवीत होते. प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरचे पुस्तकी प्रश्न तेथील विद्यार्थ्यांना बिनचूक येत. परंतु ध्रुवित प्रकाशाचें उदाहरण खिडकीबाहेर कोठें दिसेल, हें कोणास सांगतां येईना. बाहेर समुद्राची खाडी चमकत होती आणि पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो, हें पुस्तकांत त्यांनीं वाचलेलें होतें. ध्रुवकाची पट्टी डोळ्यांपुढें धरून ती फिरविल्यावरच पुस्तकांतलें वाक्य आणि समोरचें पाणी यांचा संबंध त्यांना उमगला. म्हणून प्रत्येक व्याख्येपुढें घरांतील किंवा रस्त्यावरील एक उदाहरण आणि एक प्रतिउदाहरण लिहिण्याचा परिपाठ ठेवावा.

आतां उदाहरणें सोडविण्याकडे वळावें. कारण अश्रू बहुधा तेथेंच गळतात. अडचणींत असलेला विद्यार्थी उदाहरण वाचतो, त्यांतील आंकडे वेगळे काढतो आणि ते ज्यांत बसतील असें सूत्र शोधूं लागतो. ही किल्ल्यांचा जुडगा घेऊन प्रत्येक किल्ली कुलुपांत घालून पाहण्याची रीत झाली. त्याऐवजीं काय करावें, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. ताशीं ७२ किलोमीटर वेगानें येणारी लोकल गाडी दर सेकंदास सेकंदाला ०.८ मीटर या एकसारख्या मंदनानें थांबते. ती किती अंतरांत थांबेल?

प्रथम चित्र : एक आडवी रेघ, तिच्यावर गाडी, वेगाचा बाण पुढें, मंदनाचा बाण मागें. मग अंदाज : पन्नास मीटर, कीं एक किलोमीटर, कीं यांच्यामध्यें कांहीं? मग एककें सारखीं करणें : ताशीं ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदास २० मीटर. मग तत्त्व, तें शब्दांत : वेग दर सेकंदाला ०.८ नें घटतो, म्हणून २० चा शून्य होण्यास २५ सेकंद लागतील. वेग एकसारखा घटत असल्यामुळें सरासरी वेग १०. म्हणून अंतर २५० मीटर. एकहि सूत्र अद्याप लिहिलेलें नाहीं. आतां पुस्तकांतील सूत्र घेतलें, तरी वेगाचा वर्ग ४००, त्याला मंदनाच्या दुपटीनें, म्हणजे १.६ नें, भागून २५० च येतात. दोन वाटांनीं एकाच ठिकाणीं पोंचल्यावर मनाला जी खात्री वाटते, ती उत्तराच्या यादींत आंकडा जुळल्यानें वाटत नाहीं. शेवटीं व्यवहाराशीं ताळा : बारा डब्यांच्या लोकलची लांबीहि साधारण अडीचशे मीटर असते, तेव्हां एका गाडीच्या लांबीइतक्या अंतरांत ती थांबली. हें संभवनीय आहे. उत्तर अडीच मीटर किंवा पंचवीस किलोमीटर आलें असतें, तर परीक्षकाच्या आधीं विद्यार्थ्यालाच तें खटकलें पाहिजे.

अजून एक पायरी उरते, आणि खरा लाभ तिच्यांतच आहे : उदाहरणाला प्रश्न विचारणें. वेग निम्मा असता तर? अंतर निम्में नव्हे, चतुर्थांश, साडेबासष्ट मीटर. म्हणजेच वेग दुप्पट केला कीं थांबण्याचें अंतर चौपट होतें. ताशीं ३० ऐवजीं ६० किलोमीटर वेगानें स्कूटर हांकणाऱ्या तरुणानें हें एक वाक्य समजून घेतलें, तर त्याचा उपयोग परीक्षेच्या पलीकडचा आहे. आणि हें सूत्र केव्हां चालणार नाहीं? त्वरण बदलत असेल तेव्हां. हेलकावणाऱ्या लंबकाला किंवा ताणलेल्या स्प्रिंगला तें लावतां येणार नाहीं. प्रत्येक सूत्राच्या शेजारीं त्याची अशी मर्यादा लिहिलेली असावी.

तत्त्व आधीं आणि सूत्र मागाहून, हा क्रम जाणकारांचाच आहे. मिशेलिन ची आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत नवख्या विद्यार्थ्यांस व विषयांत मुरलेल्यांस तींच उदाहरणें देऊन त्यांचे गट पाडावयास सांगितलें. नवख्यांनीं बाह्य रूपावरून गट पाडले : उतरणीचीं एकीकडे, स्प्रिंगचीं दुसरीकडे. मुरलेल्यांनीं तत्त्वांवरून पाडले : येथें ऊर्जेची अक्षय्यता, येथें न्यूटनचा दुसरा नियम. विद्यार्थ्यानें सोडविलेल्या प्रत्येक उदाहरणाच्या डोक्यावर तें कोणत्या तत्त्वाचें, एवढे दोन शब्द लिहिले, तरी महिन्याभरांत त्याच्या ध्यानांत येईल कीं शेंकडों दिसणारीं उदाहरणें वस्तुतः थोड्याच तत्त्वांचीं लेकरें आहेत.

एककें लिहिण्याचा कंटाळा करणें हा लहान दोष समजला जातो. २३ जुलै १९८३ रोजीं कॅनडांत एका मोठ्या प्रवासी विमानांत इंधनाचा हिशेब करतांना किलोग्रॅमच्या जागीं पौंडाचा गुणक वापरला गेला. हवें होतें त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालें आणि सुमारें ४१,००० फूट उंचीवर त्याचीं इंजिनें बंद पडलीं. वैमानिकानें तें तरंगत आणून गिमली येथील एका जुन्या धांवपट्टीवर उतरविलें. एकाहि प्रवाशाचा प्राण गेला नाहीं. गुणाकार कोणाचाच चुकला नव्हता, एकक चुकलें होतें. प्रत्येक पायरीला आंकड्याबरोबर एकक लिहीत गेल्यास अशी चूक स्वतःच ओरडून उठते.

आतां वाचनाविषयीं. सोडविलेलीं उदाहरणें पुन्हां पुन्हां वाचणें, किंवा मोबाइलवर कोणी सोडवून दाखवीत असतांना पाहत राहणें, यानें विषय समजल्यासारखा वाटतो. दुसऱ्याला पोहतांना पाहून जितकें पोहतां येतें, तितकाच हा लाभ आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटानें एक उतारा दोनदां वाचला. दुसऱ्यानें एकदां वाचून पुस्तक मिटलें व आठवेल तें लिहून काढलें. पांच मिनिटांनंतर दोनदां वाचणारे पुढें होते. एका आठवड्यानंतर त्यांना शेंकडा ४२ भाग आठवला आणि लिहून काढणारांस ५६. तो उतारा साध्या गद्याचा होता. परंतु भौतिकशास्त्रांतहि हाच धडा घ्यावयाचा. वर्गांत झालेला भाग त्याच संध्याकाळीं दहा मिनिटें, वही मिटून, कोऱ्या कागदावर उतरवावा. तीन दिवसांनीं पुन्हां, आठवड्यानें पुन्हां. सोडविलेल्या उदाहरणावर कागद झांकून एक एक ओळ उघडावी आणि ती उघडण्यापूर्वीं पुढें काय येईल व कां, तें सांगावें. उदाहरण अडलें तर पंधरा-वीस मिनिटें झुंजावें, मग उत्तराची एकच ओळ पाहून पुस्तक पुन्हां मिटावें. अडून बसणें हा वेळेचा अपव्यय नव्हे. अभ्यास तेव्हांच घडत असतो.

पुष्कळदां दुखणें भौतिकशास्त्राचें नसतेंच, तें गणिताचें असतें. त्रैराशिक, समीकरणांत पदांची हालचाल, घातांक, त्रिकोणमितीचीं प्राथमिक गुणोत्तरें, आलेखाचा उतार, एवढ्यांत कोठें कच्चेपणा आहे तें एका रविवारीं शोधून काढावें आणि आठवी-नववीच्या पुस्तकाकडे परत जाण्यास लाजूं नये. दुसरी उपयोगी वस्तु म्हणजे चुकांची वही. चुकलेल्या प्रत्येक उदाहरणाखालीं खरें उत्तर उतरून घेणें पुरेसें नाहीं. चूक कोणत्या जातीची, तें लिहावें : चित्र काढलें नाहीं, दिशेचें चिन्ह चुकलें, एकक राहिलें, तत्त्वच चुकीचें निवडलें. दोन महिन्यांत दिसून येईल कीं आपल्या चुका असंख्य नसून चार-पांचच आहेत, आणि त्याच वेष बदलून येतात. ज्याला आपल्या चुकांचीं नांवें ठाऊक झालीं, त्याची भीति निम्मी गेली.

शेवटीं घरच्या मंडळींविषयीं. त्यांना भौतिकशास्त्र येण्याची जरूरी नाहीं. आजीनें संध्याकाळीं नातवाला जवळ बसवून 'वर फेकलेला चेंडू खालीं कां येतो, मला नीट समजावून सांग' एवढें म्हटलें आणि जेथें समजलें नाहीं तेथें मोकळेपणानें 'नाहीं समजलें' असें सांगितलें, तर त्याच्या मनांतील अर्धवट कल्पना कोठें तुटते हें त्याला स्वतःलाच कळून येतें. वडिलांनीं 'किती मिळाले?' या प्रश्नाच्या जोडीला 'आज कोणता अंदाज चुकला?' हा प्रश्न विचारावा. ज्या घरांत चुकीचा अंदाज हंसून ऐकला जातो, त्या घरांतील मूल अंदाज करण्यास धजतें. आणि अंदाज केल्याशिवाय हा विषय हातीं लागत नाहीं. शिकवणी बदलावी कीं नाहीं, याचा विचार त्यानंतर करावा.

ही रीत पहिल्या आठवड्यांत संथ वाटेल. पूर्वीं ज्या वेळांत दहा उदाहरणें उतरून होत, त्या वेळांत तीनच होतील आणि मुलगा धास्तावेल. घरच्यांनीं त्या वेळीं त्याला घाई करूं नये. तीं तीन उदाहरणें त्याचीं स्वतःचीं असतात, आणि तिसऱ्या-चवथ्या आठवड्यापासून नवें उदाहरण वाचतांना त्याचा हात सूत्रांच्या यादीकडे न जातां चित्र काढण्याकडे जाऊं लागतो. पुढील सहामाहीचा निकाल काय लागेल तो लागेल. पण आंतल्या खोलींत बसून त्यानें स्वतःविषयीं जो निकाल लावला होता, तोहि एक न तपासलेला अंदाजच होता, हें त्याला तोंपर्यंत उमगलेलें असेल. आणि न तपासलेल्या अंदाजावर विश्वास ठेवूं नये, एवढें तरी भौतिकशास्त्रानें त्याला शिकविलेलेंच असेल.